झेंडूचे माहेर

दसरा-दिवाळी आली की साताऱ्यात काय नि सांगलीत काय, रस्तोरस्ती झेंडूचे ढीग लागतात. इतके हे फूल आपले. पण त्याचे माहेर दूर मेक्सिकोत आहे. तिथल्या जुन्या भाषेत त्याचे नाव ‘वीस फुले’, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. नोव्हेंबरच्या आरंभी तेथील लोक याच फुलांनी आपल्या मृतांची स्मरणस्थाने सजवतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, स्पेनने १५२१ मध्ये मेक्सिकोची राजधानी जिंकली. आणि मिरची-टोमॅटो ज्या गलबतांच्या वाटेने आले, त्याच वाटेने झेंडूही आला असे मानतात. ज्ञानदेवांच्या काळी आपल्या अंगणात झेंडू नव्हता! म्हणून ‘झेंडूने कीड पळते, हे आपल्या ऋषिमुनींना ठाऊक होते’ असे कोणी ठासून सांगू लागले की मला हसू येते.

मग कीड पळते हे खोटे काय? तसेही नाही. आमच्या साताऱ्याच्या परसात आई वांगी-टोमॅटोच्या वाफ्याकडेला झेंडू लावी. सांगलीच्या आजोळी तो हळदीच्या बांधावर असे. दोन्हीकडे हेतू पूजेचा. किडीचे नाव कोणी काढीत नसे. पण या तिन्ही पिकांच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी मातीत असतात, डोळ्यांना न दिसणारे. १९५८ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी झेंडूच्या मुळांतून या कृमींना मारक असे द्रव्य वेगळे काढले. मात्र मुळे जमिनीत जिवंत असेतोवरच त्याचा खरा गुण; आणि कडेच्या चार रोपांनी भागत नाही, वाफाभर दाट लागवड हवी.

टोमॅटो पोखरणाऱ्या अळीची गोष्ट तर उलटीच. तिच्या पतंगाला झेंडू हाकलीत नाही, बोलावतो! मादी टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालते. हे हेरूनच बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडूची ओळ लावण्याची पद्धत बसवली. झेंडूचे रोप वयाने थोरले घ्यावयाचे, म्हणजे दोघे एकदम फुलतात. किडकी बोंडे मात्र वेळेवर खुडली पाहिजेत.

पूर्वजांच्या नावावर न केलेले शोध मांडण्यात त्यांचा गौरव नाही. परक्या फुलाला त्यांनी देवापाशी जागा दिली, हे औदार्य पुरेसे थोर आहे. वाचकहो, यंदा तोरणापुरती फुले तोडा, झाड उपटू नका. दोन-तीन महिने वाफ्यात राहू द्या, आणि पुढल्या हंगामात तिथेच वांगी लावा.