भारतीय महिला आइस हॉकी संघ

भारतीय महिला आइस हॉकी संघ हा आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धांमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा महिलांचा राष्ट्रीय संघ आहे. त्याचा कारभार भारतीय आइस हॉकी संघटना पाहते. भारत २७ एप्रिल १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. महिलांचा संघ मात्र २०१६ मध्ये प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ मध्ये त्याने पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. संघातील बहुतेक खेळाडू लडाखच्या असून काही हिमाचल प्रदेशातील आहेत.

खेळाचे स्वरूप

महाराष्ट्रात ‘हॉकी’ म्हटले की गवताच्या किंवा कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंमध्ये होणारा खेळ डोळ्यांसमोर येतो. आइस हॉकी हा त्याहून वेगळा खेळ आहे. तो बर्फाच्या रिंगणात, पायांत स्केट्स घालून खेळला जातो. गोलरक्षकासह प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती वापरतात. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांत होतो. खेळाचा वेग मोठा असल्याने खेळाडू थोड्या थोड्या वेळाने बदलले जातात. त्यामुळे राखीव खेळाडूंची मोठी फळी आवश्यक ठरते. शिरस्त्राण, खांदे व गुडघ्यांची संरक्षक साधने, हातमोजे आणि स्केट्स एवढे साहित्य प्रत्येकीला लागते. गोलरक्षकाचे साहित्य त्याहून अधिक आणि महाग असते.

पार्श्वभूमी : विद्यापीठीय परंपरा

महिलांच्या आइस हॉकीची जडणघडण मुख्यतः कॅनडात झाली आणि तीत विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठ आणि मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठ या ठिकाणी १८९० च्या दशकातच विद्यार्थिनी हा खेळ खेळू लागल्या होत्या. मॅकगिलमध्ये त्यांना रिंगण वापरण्याची परवानगी मिळाली ती अटींवर : खेळाडूंनी उबदार कपडे घालावेत, त्या वेळी बर्फ केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा आणि पुरुष विद्यार्थ्यांना आत प्रवेश नसावा. स्त्रियांना खेळता येईल का, या प्रश्नाइतकाच त्यांना बर्फ केव्हा मिळेल, हा प्रश्नही तेव्हापासून या खेळाच्या इतिहासात वारंवार येतो.

औपचारिक मान्यता मिळण्यास मात्र सुमारे एक शतक जावे लागले. महिलांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये ओटावा येथे झाली. १९९८ मध्ये नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकीचा समावेश झाला आणि अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. कॅनडातील विद्यापीठांची महिला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही १९९८ मध्येच सुरू झाली. पहिले विजेतेपद मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाने मिळवले. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची अशी पहिली स्पर्धा २००१ मध्ये झाली. विद्यापीठाचा संघ म्हणजे हक्काचे रिंगण, सरावाच्या ठरलेल्या वेळा आणि प्रशिक्षक. भारतीय महिला संघाची घडण अशा व्यवस्थेतून झाली नाही; ती गोठलेल्या तळ्यांवर झाली.

लडाखमधील प्रारंभ

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत तळी गोठतात. लेहमधील कर्झू येथील तळे हे या खेळाचे जुने केंद्र होय. लडाखमध्ये हा खेळ लष्करी जवान आणि स्थानिक तरुण यांच्यामुळे रुजला. प्रारंभीच्या काळात लष्करी बुटांना पाती जोडून स्केट्स तयार केले जात. बर्फाचा पृष्ठभाग सपाट राहावा म्हणून रात्री त्यावर पाणी सोडून ते गोठू देण्याची पद्धत आहे.

हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा आणि रिंगणे मोजकी, त्यामुळे पुरुषांच्या सरावाला व सामन्यांना प्राधान्य मिळे. मुलींच्या वाट्याला उरलेला वेळ आणि बहुधा उसने साहित्य येई. तरीही शालेय वयापासून खेळणाऱ्या मुलींचे गट तयार होत गेले आणि त्यांतूनच पुढे राष्ट्रीय संघाची निवड शक्य झाली. संघाच्या गोलरक्षक नूर जहाँ या व्यवसायाने कलावस्तूंच्या संवर्धक आहेत. खेळातून उपजीविका होत नसल्याने नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण सांभाळूनच खेळणे ही येथील सर्वसाधारण स्थिती होती. पुढे भारत-तिबेट सीमा पोलीस दलासारख्या निमलष्करी दलांनी महिला संघ उभारल्यामुळे काही खेळाडूंना खेळाबरोबर नोकरीचाही आधार मिळाला.

आंतरराष्ट्रीय वाटचाल

मार्च २०१६ मध्ये तैवानमधील तैपेई येथे झालेल्या आशियाई चॅलेंज चषक स्पर्धेत भारतीय महिला प्रथमच खेळल्या. या पदार्पणात संघाला एकही सामना जिंकता आला नाही. प्रवास व साहित्याच्या खर्चासाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला होता आणि पूर्ण आकाराच्या कृत्रिम रिंगणावरील सरावही पुरेसा नव्हता.

पुढील वर्षी, २०१७ मध्ये, बँकॉक येथील याच स्पर्धेत भारताने फिलिपाइन्सचा ४–३ असा पराभव करून पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला. त्याच स्पर्धेत मलेशियावरही विजय मिळाला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाच्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या हेली विकनहायझर यांनी लडाखला भेट देऊन मुलींना मार्गदर्शन केले. विकनहायझर या स्वतः कॅलगरी विद्यापीठाच्या संघातून खेळल्या होत्या आणि २०१२ मध्ये त्या संघाने कॅनडातील विद्यापीठांचे अजिंक्यपद जिंकले होते. त्यांच्या भेटीनंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, भारतीय मुलींचा संघ कॅलगरी येथे त्यांच्या नावाने भरणाऱ्या महोत्सवात सहभागी झाला.

२०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिला आशिया चषक स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले. पदार्पणातील पराभवांपासून पदकापर्यंतचा हा प्रवास नऊ वर्षांचा आहे.

रिंगणाचा प्रश्न

संघाच्या प्रगतीतील मुख्य अडथळा बर्फाचाच राहिला आहे. नैसर्गिक बर्फ थंडीच्या लहरीवर अवलंबून असतो. हिवाळा उशिरा आला किंवा लवकर ओसरला, तर सरावाचे दिवस तेवढे कमी होतात. कृत्रिम बर्फासाठी शीतयंत्रणा अखंड चालवावी लागते आणि तिचा वीजखर्च मोठा असतो. डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले ‘हिमाद्री’ हे बंदिस्त रिंगण खर्च न पेलल्याने अनेक वर्षे बंद राहिले. ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे महिला संघाच्या पहिल्या विजयाच्या वेळी देशात असे रिंगण होते, परंतु त्यात बर्फ नव्हता. त्या काळात बर्फावरील सरावासाठी गुरुग्राममधील एका मॉलच्या छोट्या रिंगणाचाही उपयोग करावा लागला.

‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धांमध्ये महिलांच्या आइस हॉकीचा समावेश झाल्याने देशांतर्गत सामन्यांची संख्या वाढली. २०२४ व २०२५ मध्ये या स्पर्धांतील आइस हॉकीचे सामने लेह येथे झाले. लेहमध्ये कृत्रिम बर्फाची सोय झाल्यामुळे गोठलेल्या तळ्यांवरील अवलंबित्व काही प्रमाणात कमी झाले आहे.