कोटेशनचा कागद

डोंबिवली-ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरांत पहिला कॉम्प्युटर यायच्या आधी एक कागद यायचा. दुकानाच्या लेटरहेडवर, नाहीतर वहीच्या फाडलेल्या पानावर एकाखाली एक ओळी असत: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस. प्रत्येक ओळीसमोर किंमत आणि तळाशी बेरीज. हे कोटेशन. माझी उमेदीची वर्षं अशी कोटेशनं लिहिण्यात आणि त्याबरहुकूम मशीन जुळवून देण्यात गेली. सामान्य गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर समजावला तो या कागदाने, जाहिरातींनी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

आधीचा काळ वेगळा होता. १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ ही नावं त्यातूनच मोठी झाली. १९८४च्या संगणक धोरणाने आयात सोपी झाली, तरी मशीन असे कचेरीत, वातानुकूलित खोलीत. आमच्याकडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस बँकेत होता आणि नोकऱ्या जातील या धास्तीने बँकांतल्या संघटना संगणकीकरणाला कडाडून विरोध करत होत्या. पुढे त्याच घरांतून, मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीतून कर्ज काढून कॉम्प्युटर घेतले गेले. हा बदल मी दारात उभं राहून पाहिला.

ब्रँडेड मशीन परवडत नसे. म्हणून सगळ्यांची पावलं लॅमिंग्टन रोडकडे वळत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा हा रस्ता एकेकाळी थिएटरांचा. ‘शोले’ पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा इथलंच. त्याच्याच आसपास रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरचे सुटे भाग विकणारी दुकानं होती. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर घेऊन घरी रेडिओ जुळवणारी पोरं इथे येत. सुटा माल विकायची सवय असलेल्या या बाजारात नव्वदच्या दशकात तैवान-सिंगापूरकडून आलेले कॉम्प्युटरचे भाग सहज सामावले गेले.

डोंबिवलीहून जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची. येताना चौदा इंची मॉनिटरचा खोका असला की मालडब्यात उभं राहायचं, खोका भिंतीला टेकवायचा आणि कळवा-मुंब्रा जाईपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही. काचेची पिक्चर ट्यूब असे ती.

कोटेशन ठरवताना खरी बोलणी व्हायची. एक शिक्षिका आल्या होत्या. म्हणाल्या, “दादा, मुलगा डिप्लोमाला जातोय. तीन वर्षं तरी टिकेल ना?” मी त्यांना म्हटलं, “ताई, प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊ, रॅम दुप्पट टाकू. मुलाला फरक जाणवेल तो रॅमचा.” त्यांनी कागदावर दोन ओळी खोडल्या, नव्याने बेरीज केली आणि पुढच्या वेळी आल्या त्या हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची हे विचारत. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली.

शिकण्यासारखं खूप होतं. सुरुवातीच्या पेंटियम बोर्डांवर बहात्तर पिनांच्या रॅमच्या पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागत. १६ एमबी हवी असेल तर आठच्या दोन. प्रोसेसरचा वेग मदरबोर्डवरच्या जंपरने ठरायचा, म्हणून कमी वेगाच्या चिपवर वरचा आकडा छापून विकण्याचे प्रकार बाजारात होत. त्यावर उपाय एकच. कंपनीच्या सीलबंद खोक्यातला, तीन वर्षांची वॉरंटी असलेला प्रोसेसर घ्यायचा आणि बिलावर ‘बॉक्स’ असं लिहून घ्यायचं. सुटा ‘ट्रे’चा माल स्वस्त असे, पण त्याची जबाबदारी फक्त दुकानदाराची.

घरी गेल्यावर मशीन चालू करण्याआधी मी मल्टिमीटर काढत असे. जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असे, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसायची. अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत. आधी वायरमन बोलवा, मग पूजा करा, असं मी स्पष्ट सांगायचो. दसऱ्याला आणि पाडव्याला कॉम्प्युटर घेण्याची पद्धत तोवर रुळली होती. मॉनिटरला हार आणि कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलेलं मी पाहिलं आहे.

मग कागदावरच्या ओळी वाढत गेल्या. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढे कोटेशनमध्ये मोडेम आला. ‘मल्टिमीडिया किट’ आलं, म्हणजे सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि स्पीकर. भारनियमनामुळे यूपीएस आला. मराठी हवं असेल तर पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी ही आणखी एक ओळ. विंडोज २०००मध्ये देवनागरी युनिकोड आला आणि मराठीसाठी वेगळे पैसे मोजायची गरज कमी होऊ लागली. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली. तिच्या एमएस-सीआयटी वर्गांमुळे गावोगावची माणसं माउस धरायला शिकली.

या धंद्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. बहुतेक जुळवलेल्या मशीनवर विंडोज विनापरवाना टाकलं जाई. कोटेशनमध्ये सगळ्या वस्तूंची किंमत असे, सॉफ्टवेअरची नसे. सॉफ्टवेअर फुकटच असतं हा समज आपल्याकडे अजून पुरता गेलेला नाही.

तरी त्या मशीनचा एक गुण मोठा होता. ती वाढत होती. दोन वर्षांनी रॅम टाकायची, मग मोठी हार्ड डिस्क, मग मदरबोर्ड बदलून तोच कॅबिनेट आणि मॉनिटर पुढे चालवायचा. एखादा भाग गेला तर तेवढाच बदलायचा. घर एकरकमी खर्चातून वाचे आणि माझ्यासारख्यांचं पोट चाले.

लॅपटॉप आले, ऑनलाइन खरेदी आली आणि निवड दोन-तीन आकड्यांवर आली. आज कित्येक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी अनेक यंत्रं एकदम बाद वाटू लागली. त्यातल्या कितीतरी यंत्रांत हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि लिनक्स टाकलं, तर पत्रव्यवहार, बँकेची कामं आणि मुलांचा अभ्यास आणखी काही वर्षं निभतो.

म्हणून नवीन कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्यांना एवढंच सांगणं आहे. दुकानात असो वा ऑनलाइन, आधी स्वतःच्या हाताने कोटेशन लिहा. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती आणि वाढवता येते का, एसएसडी किती, बॅटरी बदलून मिळते का, तुमच्या गावात दुरुस्ती कोण करतं, विंडोजचा परवाना किमतीत आहे का. ज्या ओळीसमोर उत्तर मिळत नाही, तिथे पैसे देऊ नका.