अमेरिकेत उमेदवार कोण ठरवतं? प्रायमरी, डेलिगेट आणि पक्षातली 'आतली' माणसं

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते, पण तिच्या आधी कित्येक महिने दोन्ही मोठ्या पक्षांत आपापला उमेदवार ठरवण्याची लढत चालते. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिथे त्यासाठी राज्याराज्यांत मतदान घेतात. हे मतदान म्हणजे प्रायमरी. काही राज्यांत कार्यकर्ते आणि मतदार बैठकीत जमून कौल देतात, त्याला कॉकस म्हणतात.

मात्र ही मतं उमेदवाराला थेट मिळत नाहीत. मतांच्या हिशेबाने प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी निवडले जातात. हेच डेलिगेट. उन्हाळ्यात पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरतं, तिथे हे डेलिगेट मतदान करतात आणि ज्याला बहुमत मिळतं तो उमेदवार होतो. मत आणि उमेदवार यांच्यामध्ये डेलिगेट आहे, हे नीट समजलं की बाकीचा खेळ समजतो.

मतांचे डेलिगेट कसे होतात?

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण किमान १५ टक्के मतं मिळाली तरच. ही अट राज्याला एकदा आणि राज्यातल्या प्रत्येक संसदीय मतदारसंघाला वेगळी लागते. म्हणजे संपूर्ण राज्यात १४ टक्के मिळाले तर राज्याच्या वाट्यातून शून्य, पण एखाद्या मतदारसंघात २० टक्के मिळाले तर तिथून डेलिगेट मिळू शकतो.

रिपब्लिकन पक्षात राज्याराज्यांचे नियम वेगळे. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत पहिला येणारा सगळे डेलिगेट घेऊन जातो. २०१६ मध्ये कोलोरॅडोत पक्षाने सर्वसाधारण मतदारांचा कौल घेतलाच नाही. स्थानिक बैठकांतून आणि राज्य अधिवेशनातून डेलिगेट निवडले गेले. टेड क्रूझ यांच्या माणसांनी तिथे आधीच जाळं विणलं होतं, त्यामुळे डोनाल्ड ट्रम्प यांच्या हाती काहीच लागलं नाही.

सुपरडेलिगेट कुठून आले?

१९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. पक्षातल्या बड्या नेत्यांनी त्यांना निवडलं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तरुणांमध्ये संताप होता, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम बदलले आणि प्रायमरीला महत्त्व आलं. पण १९७२ मध्ये या वाटेने आलेले जॉर्ज मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले. नेत्यांना वाटलं, सगळं मतदारांवर सोडून चालणार नाही. मग १९८४ च्या निवडणुकीपासून सुपरडेलिगेट आले : खासदार, गव्हर्नर, माजी राष्ट्राध्यक्ष, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य. हे कोणत्याही मतदाराच्या कौलाला बांधील नसतात.

याचा परिणाम २०१६ मध्ये उघड दिसला. पहिलं मत पडण्याआधीच साडेतीनशेहून अधिक सुपरडेलिगेट हिलरी क्लिंटन यांच्या मागे उभे होते. न्यू हॅम्पशायरमध्ये बर्नी सँडर्स यांना ६० टक्के मतं मिळाली, डेलिगेट १५ विरुद्ध ९ असे वाटले गेले. पण तिथले सहा सुपरडेलिगेट क्लिंटन यांच्याकडे असल्याने बातम्यांत हिशेब दिसला १५-१५. शेवटी क्लिंटन यांना प्रत्यक्ष मतंही जास्त पडली, हे खरं. तरीही 'निकाल आधीच लागलाय' हा संदेश सुरुवातीपासून मतदारांपर्यंत गेला, ही तक्रार राहिलीच. म्हणून २०१८ मध्ये नियम झाला की लढत अटीतटीची असेल तर अधिवेशनाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचं नाही.

मत न देताही वजन

मत काढून घेतलं तरी आतल्या माणसांचं वजन कमी होत नाही. २०२० मध्ये साउथ कॅरोलिनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी प्रायमरीच्या तीन दिवस आधी जो बायडन यांना पाठिंबा दिला. बायडन तिथे मोठ्या फरकाने जिंकले. लगेच पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेतली आणि बायडन यांच्या मागे उभे राहिले. आठवड्याभरात लढतीचं चित्र पालटलं.

२०२४ मध्ये तर याहून मोठी गोष्ट घडली. प्रायमरी जिंकलेल्या बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली. नवं मतदान झालं नाही. त्यांचे डेलिगेट कमला हॅरिस यांच्याकडे वळले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानाने त्या उमेदवार झाल्या.

डिअरबॉर्नचा धडा

त्याच वर्षी गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ मिशिगनमधल्या अरब आणि मुस्लिम कार्यकर्त्यांनी एक मोहीम चालवली. मतपत्रिकेवर 'अनकमिटेड', म्हणजे 'कोणालाही बांधील नाही', असा पर्याय असतो. त्यावर शिक्का मारा, असं त्यांनी सांगितलं. २७ फेब्रुवारीला एक लाखाहून जास्त लोकांनी तसं केलं. अरब वंशाच्या मोठ्या वस्तीच्या डिअरबॉर्न शहरात बायडन यांच्यापेक्षा या पर्यायाला जास्त मतं पडली.

आता वरचा नियम लावून बघा. राज्यात या मतांचं प्रमाण सुमारे १३ टक्के होतं, १५ च्या खाली. त्यामुळे मिशिगनच्या ११७ बांधील डेलिगेटांपैकी फक्त दोन मिळाले, तेही दोन मतदारसंघांत अट पूर्ण झाली म्हणून. पुढच्याच आठवड्यात मिनेसोटात प्रमाण सुमारे १९ टक्के झालं आणि ११ डेलिगेट मिळाले. मतं मिशिगनपेक्षा कितीतरी कमी, डेलिगेट पाचपटीहून जास्त.

देशभरातून असे सुमारे तीस डेलिगेट ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पोचले. पॅलेस्टिनींच्या हक्कांवर एक चर्चासत्र त्यांना मिळालं. मुख्य मंचावरून एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला बोलू द्या, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. डेलिगेटांनी सभागृहाबाहेर रात्रभर ठिय्या दिला. मंचावर कोण बोलणार हे ठरवणाऱ्यांत त्यांचं कोणी नव्हतं.

आतल्या खुर्चीपर्यंत पोचण्याचा प्रयत्नही झाला आहे. अमेरिकी संसदेतले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन २०१७ मध्ये डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. समितीच्या मतदानात टॉम पेरेझ २३५ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. ही निवडणूक फार लोकांनी पाहिली नाही, पण वेळापत्रक, वादविवाद आणि अधिवेशन यांवर त्याच समितीचं नियंत्रण असतं.

पुढच्या वेळी काय पाहायचं?

अमेरिकेच्या प्रायमरीच्या बातम्या वाचताना फक्त टक्के पाहू नका. डेलिगेट किती मिळाले, अट कुठे लागली, कोणत्या नेत्याने कधी पाठिंबा दिला आणि नियम समितीत कोण बसलं आहे, हे विचारा. मिशिगनच्या एक लाख मतांनी देशाचं लक्ष वेधलं, पण अधिवेशनात त्यांची किंमत दोन डेलिगेट एवढीच ठरली. कोणत्याही समाजाचा आवाज मतपेटीपर्यंत पोचला की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं, जिथे नियम लिहिले जातात त्या खोलीत होतं.