तळटीप : केश आणि दस्तार

* साखरखेर्ड्याच्या रणात 1724 साली मुबारिजखानाचा पाडाव करून निजामुल्मुल्काने दख्खनचा सुभा आपल्या अमलाखाली आणला, त्याच्या सोळा वर्षे आधी गोदातीरी नांदेड येथे माधोदास नामक बैरागी आपला मठ सोडून गुरू गोविंदसिंहांना शरण गेला, व पुढे बंदासिंह बहादूर या नावाने विख्यात झाला. त्या समयी त्याचे वय अडतीसच्या सुमारास होते. म्हणूनच केश-दस्तारीचा स्वीकार हा केवळ जन्मप्राप्त वारसा नसून विवेकाने केलेला निश्चय होय, हे ग्रंथकर्त्याचे प्रतिपादन आम्हांस सर्वथा यथार्थ वाटते. अखंड केश हा पाच ककारांपैकी एक. दस्तार त्यांत गणलेली नसली, तरी जो इतमाम एरवी सरदार-उमरावांपुरता राखीव होता तो तिच्या योगे जातिनिरपेक्षपणे प्रत्येक शिखाच्या मस्तकी आला, आणि 1699 साली आनंदपुरास प्रथम अमृत घेणाऱ्या पाचांपैकी साहिबसिंह हे बिदरचे, परंपरेनुसार नापित ज्ञातीचे होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अमृत घेण्यास जाणते वय लागते, व त्यानंतर केश कापल्यास ते पुनश्च घ्यावे लागते. यास्तव शीख कुटुंबांत जन्मलेलेही कित्येक जण दीर्घकाळ विचार करून, प्रौढपणीच हा निर्णय घेतात. — संपादक