फुलमणीचे वय

१८९० साली कलकत्ता हायकोर्टात हरिमोहन मैती नावाच्या इसमावर खटला चालला. फुलमणी दासी ही त्याची बायको. तिचे वय अकराच्या आगेमागे, तो तिच्या तिपटीने मोठा. पतीने केलेल्या शरीरसंबंधातून रक्तस्राव होऊन ती मुलगी दगावली. तिच्या आईने कोर्टात उभे राहून साक्ष दिली, डॉक्टरांनी मृत्यूचे कारण सांगितले. तरी बलात्काराचा आरोप टिकेना. १८६० च्या दंडविधानात पत्नीच्या बाबतीत वयाची मर्यादा होती दहा वर्षे, आणि फुलमणीला दहा पुरी झाली होती! अखेर बेदरकारपणे जबर दुखापत केल्याच्या कलमाखाली आरोपीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. खटला संपला.

आपण मराठी माणसे हा इतिहास टिळक-सुधारक वादातले एक प्रकरण म्हणून शिकलो, आणि माझ्यासारख्यांनी तसाच शिकवला. संमतिवयाचा कायदा म्हटले की ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ आठवतात, पुण्यातल्या गाजलेल्या सभा आठवतात. ज्या मुलीच्या मृत्यूने त्या कायद्याला गती आली तिचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते.

या विषयाला तोंड फोडले होते बेहरामजी मलबारी यांनी, १८८४ साली, बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपल्या टिपणांनी. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी याने पत्नी रखमाबाई नांदायला यावी म्हणून दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि आता तिने जायला साफ नकार दिला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, असे तिने सांगितले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. खटला चालू असताना त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्रे लिहिली. माझ्या मते या साऱ्या वादात जिच्या अंगावर तो प्रसंग गुदरला होता तिने स्वतः लिहिलेले असे एवढेच.

फुलमणीच्या खटल्यानंतर सरकारला हलावे लागले. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले : मर्यादा दहाऐवजी बारा. मागणी तशी बेताचीच; पण वादळ उठले. मुलगी ऋतुमती होताच गर्भाधान झाले पाहिजे असे शास्त्र सांगते, ते बारा वर्षांपूर्वी घडले तर कायदा धर्माच्या आड येतो, हा विरोधकांचा मुद्दा. डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथ उलगडून, गर्भाधान लांबवले तरी शास्त्राला बाध येत नाही, असे दाखवले. टिळकांनी त्यांचे खंडन केले. विद्वत्तेला कुठे तोटा नव्हता.

१९१६ साली टिळकांची होमरूल लीग ज्या बेळगावात स्थापन झाली, तिथल्या माणसाने त्यांच्याविषयी जपून बोलावे हे खरे, आणि बोलायचे तर पुरते बोलावे हेही खरे. टिळक बालविवाहाचे कैवारी नव्हते. मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, अशी सूचना त्यांनी स्वतः १८९० मध्ये मांडली होती. ज्यांना पटेल त्यांनी ती स्वेच्छेने पाळावी, एवढेच. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा त्यांचा खरा आक्षेप. राजकारण म्हणून तो समजू शकतो. परंतु मुलीच्या जिवावर बेतले असताना आधी कायदा कोणी करायचा हे ठरू द्या, असे म्हणणे मला पटत नाही. तेव्हा देशातल्या स्त्री डॉक्टरांनी आपल्यापुढे आलेल्या जखमी आणि मेलेल्या बालवधूंची यादीच सरकारला सादर केली होती. भांडारकर आणि टिळक यांच्या युक्तिवादांइतकी चर्चा त्या यादीची झाली नाही.

१९ मार्च १८९१ ला कायदा झाला. फिर्यादी फारशा झाल्याच नाहीत. आई-बाप, सासू-सासरे, शेजारी यांपैकी कोण फिर्यादी होणार?

कायदा आधी संमतीच्या वयाचा होता. लग्नाच्या वयाला हात संस्थानिकांनी घातला. म्हैसूरने १८९४ मध्ये आठ वर्षांखालील मुलीचे लग्न गुन्हा ठरवले, तसेच पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदाखालील मुलीशी लग्न करणेही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये मुलीला बारा, मुलाला सोळा ही अट घातली. तिथे खटले पुष्कळ झाले, पण लोक दंडाची रक्कम लग्नखर्चातच धरू लागले. याच सुमारास, १८९९ मध्ये, देवलांची ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आली आणि म्हाताऱ्या भुजंगनाथाला लोक हसले. पुढच्या ‘शारदा कायद्या’चे नाव याच नाटकावरून पडले अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे, उच्चार मात्र आपण आपल्या सोयीने बदलला.

त्या कायद्याआधी वस्तुस्थिती तपासायला जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी होते. समितीला आढळले की १८९१ चा कायदा लोकांना धड माहीतच नाही. १९२९ मध्ये सारडांचा कायदा संमत झाला : मुलीला चौदा, मुलाला अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधले सहा महिने लोकांनी कारणी लावले. मांडीवरच्या मुलींचीही लग्ने उरकली, आणि १९३१ च्या जनगणनेत बालवधूंची संख्या वाढलेली दिसली. शिवाय तक्रारदाराकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागता येई, आणि झालेले लग्न मात्र वैधच राही.

आणखी एक पळवाट होती, ती आपल्या भागाला न सांगता कळावी. कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. हद्द ओलांडून संस्थानात लग्न लावले की काम झाले. बेळगावभोवती तर संस्थानांचा वेढाच होता : सांगली, कोल्हापूर, रामदुर्ग, सावंतवाडी, आणि पलीकडे पोर्तुगीज गोवा. ही फट १९३८ च्या दुरुस्तीने बुजवायचा प्रयत्न झाला.

पत्नीसाठी संमतीचे वय १९२५ मध्ये तेरा, १९४९ मध्ये पंधरा झाले आणि मग तिथेच थांबले. लग्नाचे वय अठरा झाल्यानंतरही दंडविधानात पत्नीपुरती पंधराची रेघ कायम होती. ती पुसायला सुप्रीम कोर्टाचा ११ ऑक्टोबर २०१७ चा निकाल लागला. फुलमणीपासून मोजले तर सत्तावीस वर्षे अधिक शंभर.

२००६ च्या केंद्रीय कायद्याने बालविवाह रद्द करून घेण्याचा हक्क मुलांना दिला. तो विवाह सर्वस्वी शून्य मात्र धरला नाही. कर्नाटकाने २०१७ पासून आपल्या दुरुस्तीने तो मुळातच शून्य ठरवला. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे हिशेब अजूनही एक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या कर्नाटकात शेकडा २१.३, महाराष्ट्रात २१.९, गोव्यात ५.८ निघाल्या. कायदा कडक कुठे आणि आकडा कमी कुठे, हे ज्याने त्याने ताडून पाहावे.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख हाच आमच्याकडे मुलीच्या वयाचा मुख्य पुरावा. ‘सर, तारीख वर्षभर मागं घेता येईल का?’ असे विचारायला येणारे पालक अजून भेटतात. नाही म्हटले की निमूटपणे निघून जातात. मे महिन्याच्या सुटीनंतर नववीच्या हजेरीपटावरची दोन-तीन नावे गैरहजर राहतात. चौकशी केली तर ‘मामाकडे गेलीय’ असे उत्तर येते, आणि मामाचे गाव बहुधा पलीकडच्या राज्यात असते. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक मात्र दोन्ही राज्यांत एकच आहे.