पुणे महानगरपालिका आणि धर्मादाय संस्थांचे अर्थसाहाय्य

पुणे शहरातील सेवाभावी संस्था, सार्वजनिक मंडळे, मंदिर-न्यास, चर्च इत्यादींना महानगरपालिकेकडून होणारे साहाय्य अनुदान, करसवलत व प्रत्यक्ष सेवा अशा निरनिराळ्या रूपांचे असते. त्याचा कायदेशीर आधार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० आणि भारतीय संविधानाचे कलम २७ यांत आहे.

पार्श्वभूमी

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलातही हा निधी बंद झाला नाही. त्याचा काही भाग मराठी ग्रंथरचनेसाठी द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आदींनी केला आणि त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जोतीराव फुले यांच्या शाळांनाही या निधीतून साहाय्य मिळाले. सार्वजनिक पैसा पात्रता जोखून द्यावा, हा विचार पुण्यात येथपासून रुजला असे म्हणता येईल.

पुणे नगरपालिकेची स्थापना १८५७ मध्ये झाली. फुले १८७६ ते १८८२ या काळात तिचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त १,००० रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावास त्यांनी १८८० मध्ये विरोध केला; ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांचे म्हणणे होते. महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली.

धार्मिक संस्थांची पात्रता

१९५० च्या अधिनियमात ‘सार्वजनिक न्यास’ या संज्ञेत मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग व अग्यारी यांचा समावेश होतो. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ९ मधील ‘धर्मादाय प्रयोजन’ निराळे आहे. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत व सर्वसामान्य लोकोपयोगी कार्ये त्यात येतात. केवळ धर्मशिक्षण किंवा उपासना येत नाही. म्हणजे चर्च नोंदणीस पात्र असते, तरी तेथील प्रार्थनासभा हे धर्मादाय कार्य ठरत नाही. त्याच चर्चने चालविलेला दवाखाना, पाळणाघर किंवा अभ्यासिका मात्र ठरू शकते. हा भेद मंदिरालाही तसाच लागू आहे.

एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वा संवर्धनासाठी ज्याचे उत्पन्न खर्च केले जाते असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे संविधानाचे कलम २७ सांगते. ही मनाई निरपवाद नाही. प्रफुल्ल गोराडिया खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने कराचा मोठा हिस्सा अशा कामी वापरला गेला तरच कलमाचा भंग होतो, असे म्हटले. तरीही अर्जदार धार्मिक संस्थेने सेवाकार्याचे हिशेब उपासनेच्या खर्चापासून वेगळे ठेवणे हिताचे असते. दोन्ही एकाच खात्यात असल्यास पैसा नेमका कशावर खर्च झाला हे दाखविणे अवघड जाते.

अर्जाची पूर्वतयारी

न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत विश्वस्तांनी नोंदणीसाठी अर्ज करणे आवश्यक असते. धर्मादाय कार्यालयाचे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, लेखापरीक्षित ताळेबंद आणि कार्यकारी मंडळाचा ठराव ही अनुदानासाठी सामान्यतः लागणारी कागदपत्रे होत. अनेक जुन्या संस्थांची अडचण यापुढे सुरू होते. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत द्यावयाचा बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो, आणि अर्जावर सही करणाऱ्याचे नाव नोंदवहीत सापडत नाही. अनुदान मिळाल्यास उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते.

नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळांना वर्गणी गोळा करण्यासाठी कलम ४१ क अन्वये परवानगी घ्यावी लागते. ती वर्गणीपुरती असते. तिने मंडळ न्यास होत नाही.

साहाय्याचे प्रत्यक्ष स्वरूप

रोख अनुदानापेक्षा इतर मार्ग अधिक रूढ आहेत. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून प्रभागातील विकासकामे सुचविली जातात. तो निधी संस्थेच्या हाती पडत नाही. विसर्जन हौद व निर्माल्यसंकलन या महापालिकेच्या सेवा आहेत. दहावी व बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी महापालिकेच्या अर्थसहाय्य योजना आहेत. ती रक्कम विद्यार्थ्याला मिळते, शाळेला किंवा संस्थेला नव्हे.

मिळकतकरातील सवलत अनेक प्रार्थनास्थळांना अनुदानाहून मोलाची ठरते. केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीस १९४९ च्या अधिनियमाच्या कलम १३२ नुसार सर्वसाधारण करातून सूट आहे. म्हणजेच जी उपासना अनुदानास अपात्र ठरते, ती येथे सवलतीस पात्र आहे. आवारातील गाळा भाड्याने दिल्यास तेवढ्या भागावर ही सूट लागू होत नाही.