तळटीप १२ : ‘मूव्हमेंट’

१२. न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम (फॅक्टरी रेकॉर्ड्स, नोव्हेंबर १९८१). जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी, अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर, आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडले व जिलियन गिल्बर्टला सोबत घेतले. निर्माता मात्र मार्टिन हॅनेटच राहिला. त्यामुळे अल्बमचा बाज बराचसा जुनाच आहे. बहुतेक गाणी बर्नार्ड समनर गातो. पहिले, ‘ड्रीम्स नेव्हर एंड’, बास गिटार वाजवणाऱ्या पीटर हुकच्या आवाजात आहे. लेखकाने उल्लेखलेले ‘सेरेमनी’ यात नाही. कर्टिसच्या हयातीत रचलेले ते गाणे १९८१मध्ये स्वतंत्र सिंगल म्हणून निघाले. — संपा.